दर्यापुरात गिटारचं अर्थिंग

मित्रांनो, मी इथे सहसा लिहीत नाही. आजचं मात्र सांगतो.

धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले. उद्या त्याच्या वाढदिवसाला मित्र घरी येऊन त्याची इलेक्ट्रिक गिटार वाजवणार, आणि तिचा आवाजच बंद. दर्यापुरात पंपाच्या जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरणाऱ्या गजूभाऊंकडे नेली.

त्यांनी आतली तुटलेली वायर जोडली आणि दचकले. "मास्तर, अर्थिंग वाजवायच्या तारायले जोडलं हाय. पोट्टा इतके दिवस वाचला कसा?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

त्यांनी काळजीने अर्थिंगची वायर कापली. स्पीकर लावला तर नुसती घरघर. मला आठवलं, भावाने तारांवर हात ठेवला की घरघर थांबायची. त्यांना वायर परत जोडायला लावली.

"आता हात तुमीच लावा," म्हणत गजूभाऊ मागे सरकले.

मी डोळे मिटून हात ठेवला. घरघर थांबली.

घरी गिटार पुन्हा स्पीकरला लावली, तशी घरघर सुरू झाली. या आवाजावरून आई रोज भावाला ओरडायची, "मोटर बंद कर रे." आज जवळ येऊन बसली. मी हात ठेवणार तोच म्हणाली, "राहू दे थोडा वेळ."

तेवढ्यात शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. "मोटर चालू झाली काय?"

त्यांना काय सांगायला हवं होतं?