बंद पेटीवरचा पियानो

मला नकला करता येतेत. आमच्या घरात माझं शिक्षण म्हणून एवढंच धरलं जातं. शाळेच्या गॅदरिंगमधी मी हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांपुढंच केली आन त्यांनी सोता उठून मला पेन दिला, तवापासून आमच्या केज गावात माझं बरं चाललंय. तहसीलमधला शिपाई "साहेब जेवायला गेलेत" कसं म्हणतो, जीपवाला "अजून दोन बसतेत, सरका" म्हणून माणूस कसा कोंबतो, आमचे मामा फोनवर बोलताना, पलीकडचा आपल्याला बघतोय असं समजून, शर्ट कसा नीट करतेत, हे सगळं माझ्याकडं हाय. कुणाच्या घरी मयत झाली तरी दोन-चार दिवसांनी मला बोलावणं येतं. म्हणतेत, ये जरा, घर लई गप झालंय.

म्हणून त्या बाईचं बी मी आधी तेच केलं. नक्कल.

मी चाचांच्या दुकानात कामाला हाय. मोबाईल, स्पीकर, होम थिएटर, जे येईल ते दुरुस्त करतो आमी. चाचांची एक शिस्त हाय. दुरुस्त झालेल्या स्पीकरवर डीजेचं गाणं लावायचं न्हाई. "उसमें तो फटा हुआ स्पीकर भी अच्छा लगता, बेटा. ऐसा कुछ लगा जो पहले धीरे बोले, बाद में चिल्लाए." असं धीरे-चिल्लाए शोधता शोधता एक दिवस मोबाईलनं आपल्या मनानंच एक व्हिडिओ लावला. खाली इंग्रजीत रोमँटिक कॉन्चेर्टो असं लिहिलतं. रोमँटिक म्हणल्यावर मला वाटलं हिरो-हिरोईन येतील. आली एक म्हातारी. आखूड पांढरे केस, जाड चष्मा, काळा सदरा. मागं सूट घातलेल्या माणसांची जत्रा, हातात व्हायोलिनी.

बाई पियानोपुढं बसली आन तिनं गुडघ्यावर तळहात पुसले, कणीक मळून उठल्यासारखे. मग काहीच न्हाई. मागची माणसं जीव तोडून वाजवतेत आन ही बसलीय, हात मांडीवर. अंतरपाटामागं नवरी उभी ऱ्हाती तशी. सगळं हिच्यासाठीच चाललंय, पण हिनं अजून दिसायचं न्हाई.

चाचा म्हणले, "ये बजाती कब है बे?"

तेवढ्यात तिनं हात टाकले.

त्या स्पीकरचं पुढं काय झालं ते मला आठवत न्हाई. चाचांच्या हातातला चहा मातूर आठवतो. तो त्यांनी तसाच धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर बाकड्याचा पियानो केला. गुडघ्याला हात पुसले, खालचा ओठ चावला, एक भुवई वर केली. ती बाई मधीच वाद्यवाल्यांकडं अशी बघती, जशी आमची मावशी पोळी करपवणाऱ्या सुनेकडं बघती. लोक हसून हसून वाकले. मी तिचं नाव ठेवलं विलायती आजी. मग कुठं बी गेलो की, "ए, आजी लाव!"

नक्कल पक्की करायची म्हणून मी तिचे दुसरे व्हिडिओ काढले. तिथं माझं फिस्कटलं. एरवी माणूस दोनदा बघितला की माझ्या हातात येतो. ही येईना. हात बघायला बसायचो आन ऐकतच ऱ्हायचो. पहिला भाग भांडणाचा. तिकडं सगळे एकदम बोलतेत आन ही एकटी त्यांना पुरून उरती. शेवटचा भाग पळायचा. पण मधला भाग हळू. त्यात एका जागी ती नुसत्या उजव्या हातानं चार-दोन सूर वाजवती. शाळेतलं पोरगं बी दाबील, इतके सोपे. पण ताटात मीठ, लिंबू, चटणी जागच्या जागी वाढावी तसा एकेक सूर ठेवती, आन मग हात वर उचलून थांबती. तेच सूर चांदीच्या बासरीवाला उचलतो. ती मान वळवून त्याच्याकडं बघती. हात तसाच हवेत. त्याचं संपोस्तर ती वाजवत न्हाई, फक्त ऐकती.

त्याच तुकड्याचा तिचा तरुणपणचा बी एक व्हिडिओ हाय. काळे केस, लई जोर. तिथं ती त्या जागेवरून नुसती पळून जाती. बासरीवाल्याकडं बघत बी न्हाई. मधी किती वर्षं गेली असतील, काय काय झालं असंल, आन मग बाईला तिथं थांबावं वाटलं. मी ते दोन व्हिडिओ एकामागं एक लावून बघायचो. कितीदा, ते सांगायची सोय न्हाई.

एकदा आईनं डोकावलं. "हे काय रं? सवाल-जवाब हाय का? ही एकटी आन ते एवढे?"

"तसंच समज."

"मग जिंकलं कोण?"

मी लई हसलो. सकाळी टपरीवर आईचा तो आवाज बी कार्यक्रमात घातला.

मला ती बाई आवडती, हे मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगायला तोंड उघडलं की तोंडावर आधी आजी यायची, ओठ चावून, भुवई उडवून, आन समोरचा हसायला लागायचा. एकदा तो मधला भाग काहीच न लिहिता स्टेटसला ठेवला. सगळ्यांनी हसणारी तोंडं धाडली.

आता मामांचं सांगतो. मामा माझ्यासाठी स्थळं बघत होते. दोन वर्षं झाली बघतेत. आमच्याकडं आता पोरींचे बाप सरळ विचारतेत, नोकरी काय? दुकानात कामाला, म्हणलं की चहा बी अर्धाच येतो. आई प्रत्येक वेळी नवी साडी नेसून जायची आन येताना खिडकीतून भाईर बघत यायची. मामा एकदा दुकानात आलते, तवा मी डोळे मिटून काऊंटरवर बोटं चालवत होतो. मामांनी तेवढंच बघितलं. पाटोद्याकडच्या एका गावात त्यांनी सांगून टाकलं, आमचा भाचा पियानो वाजवतो. पुरावा म्हणून माझ्या स्टेटसवरचा व्हिडिओ पण पुढं धाडला.

हे मला बघायच्या कार्यक्रमाला जाताना जीपमधी कळलं.

"मामा, तुमी असं कशाला बोलले?"

"गप बे. एम्मेस्सी झालेली पोरगी हाय, शिकवणी घेती. तुझ्यात सांगायला काय तरी पाहिजे का न्हाई? आन पाटोद्याकडं पियानो असता तर मी बोललो असतो का?"

पियानो न्हवता, ते खरं. पेटी होती. पोरीचे वडील गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले निघाले. पोहे झाले, चहा झाला, आन त्यांनी आतून पेटी आणली. मारुतीच्या देवळातली, वर शाल घातलेली. दोन्ही हातांनी उचलून सतरंजीवर माझ्यापुढं ठेवली आन पेटीला हात लावून कपाळाला लावला.

"पियानो न्हाई आमच्याकडं, पाव्हणं. पण सूर तेच. होऊन जाऊ द्या."

मामा पंखा बघायला लागले. आईनं पदर घट्ट धरला. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, काका, मला वाजवता येत न्हाई, मी ऐकतो, आन मला ते लई आवडतं. आलतं तोंडापर्यंत. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आन कुणी बघत असलं की मला दुसरं काही सुचत न्हाई.

मी गुडघ्याला हात पुसले.

शाल काढली, पण पेटी उघडली न्हाई. बंद पेटीवरच सगळा पियानो वाजवला, एक सूर न काढता. आजी आली, मावशीची नजर आली, पळायचा भाग आला. पोरीचे वडील डोळे पुसत हसायला लागले. आतल्या बायका दारात आल्या. मामांनी मांडीवर थाप मारली. मग मला जोर चढला. मी मधला हळू भाग घेतला. चार सूर ठेवले, हात हवेत धरला, आन मुसमुसून रडायला लागलो. आन पेटीची ती शाल उचलून तिच्यात नाक शिंकरल्यासारखं केलं.

खोली नुसती दणाणली. मी मान वर केली तर दारातल्या बायकांमागं ती पोरगी उभी होती. तिच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. ती हसत न्हवती, आन रागात बी न्हवती. काही तरी हरवलंय आन ते माझ्या तोंडावर सापडंल, असं बघत होती.

नंतर रीतीपरमानं आमाला अंगणात बोलायला पाठवलं. पाण्याच्या टाकीपाशी दोन खुर्च्या. तिनंच सुरुवात केली.

"ते मधलं, हळू. तिथं तुमी रडून कशाला दाखवलं?"

मला वाटलं चेष्टा करती. म्हणलं, "लोकं हसतेत तिथं."

"ती बाई तिथं रडत न्हाई. ती त्या बासरीवाल्याची वाट बघती."

मी तिच्याकडं बघतच ऱ्हायलो.

"मामांनी व्हिडिओ धाडलता ना," ती म्हणली. "आधी मला काही कळलं न्हाई. मग शिकवणीवरून येताना रोज जीपमधी ऐकलं. आता ती जागा आली की मी बी थांबती." मग म्हणली, "तुमाला वाजवता येत न्हाई, ते कळलं. त्याचं काही न्हाई. पण तुमाला ते आवडतं का?"

एवढ्या मोठ्या जिल्ह्यात हे मला इचारणारं एक माणूस सापडलं होतं आन ते समोरच्या खुर्चीवर बसलं होतं. 'हो' म्हणायचं होतं. एकच अक्षर. मी एक भुवई वर केली, आजीची, आन म्हणलं, "आवडणार न्हाई तर काय! आजीच हाय माझी."

ती हसली, पाव्हण्यापुढं हसावं तेवढं. ओढणी सावरली. "बरं," म्हणली आन आत गेली.

येताना मामा जीपमधी गातच होते. "जमलं बे! तिचा बाप हसून हसून आडवा झालता." आई खिडकीतून भाईर बघत होती.

चार-पाच दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मामांनी स्पीकरवर घेतला. शर्ट नीट केला. "पोरगा लाखात एक हाय," पलीकडून काका म्हणले, "आमच्या सप्त्याला नक्की धाडा त्याला. पण पोरगी न्हाई म्हणती. तुमी खोटं सांगितलं म्हणून न्हाई हं. म्हणती, त्याला ते मनापासून आवडतं, ते मला दिसलं. पण जे आवडतं त्याचंच असं करतो, तर उद्या मला बी चार माणसांत असंच करून दाखवील."

मामा फोन ठेवून म्हणले, "शिकलेल्या पोरींचं हे असंच असतं."  आईनं नवी साडी घडी घालून कपड्यांच्या पेटीत ठेवली आन झाकण लावलं.

खरी गोष्ट आता हाय, आन ती सांगायला मला लई जड जातंय. दुसऱ्या दिवशी टपरीवर पोरांनी धरलं. "काय बे, पाटोद्याचं काय झालं?" मी सांगायला लागलो. पेटी केली, काका केले, मामांचा पंखा केला. पोरं लोळत होती. आन मग मी ओढणी सावरली. बारीक आवाजात म्हणलं, "तुमाला ते आवडतं का?" पोरं अजून हसली. मी मान जराशी खाली घातली आन म्हणलं, "बरं."

हुबेहूब आलं. दोनदा बघितला की माणूस माझ्या हातात येतो, तिला तर मी एकदाच बघितली होती. ते 'बरं' माझ्याच तोंडातून माझ्या कानावर आलं आन माझे कान तापले. पोरं "अजून एकदा, अजून एकदा" करत होती. चाचा मागं चहाचा ग्लास घेऊन उभे होते.  ग्लास तसाच ठेवून दुकानाकडं गेले. तिनं सांगितलेलं मी चोवीस तासांच्या आत करून दाखवलं, आन चारच्या जागी धा माणसांत.

त्या दिवसापासून कुणी "आजी लाव" म्हणलं की मी काम हाय म्हणतो. पोरं म्हणतेत, नकार लई लागला बे याला. लागू द्या. नकाराचं तेवढं न्हाई. तिला ते कधी कळणार बी न्हाई, पण मला तिचं 'बरं' येतं, आन ते आता जात न्हाई. एकटा असलो तरी मधीच तोंडात येतं.

परवा संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती. म्हणली, "लाव ते तुझं. बघू तरी, त्या पोरीनं काय बघितलं."

मी मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. मधला भाग लावला. हात दोन्ही मांड्यांखाली दाबून बसलो. बाईनं चार सूर ठेवले. हात वर धरला. बासरी सुरू झाली.

"जिंकलं कोण?" आईनं इचारलं.

"कुणी न्हाई, आई. ती त्याचं ऐकती हाय."

"आन तू?"

"मी बी."

"तुला आवडतं व्हय हे?"

"हो," म्हणलं.

आईनं कोथिंबीर खाली ठेवली आन माझ्या तोंडाकडं बघितलं. भुवई बघितली, ओठ बघितला. "हे कुणाचं करतोस आता?" म्हणली.

"कुणाचं न्हाई."

तिनं मान हलवली, पण नजर काढली न्हाई. हसायचं का न्हाई, ते कळोस्तर ती तशीच बघत बसली.