वैजनाथाच्या रांगेतलं साखरपाणी

चूक माझीच होती, आणि ती मी मोठ्या तोऱ्यात केली. माझी मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. श्रावणी सोमवारी परळीत वैजनाथाच्या मंदिराजवळ प्रथमोपचाराचा मंडप असतो. तिथं स्वयंसेवक म्हणून जाऊ का, असं तिनं फोनवर विचारलं. पगार नाही म्हटल्यावर मी चिडलो. पाटोद्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. फुकट दिलेल्या मालाला किंमत राहत नाही, एवढंच मला ठाऊक. "अनुभव मिळतो आण्णा, पुढं नोकरीला कामाला येतो," ती म्हणाली. "अनुभव काय भाकरीसंगं खायचा हाय का? जायचं न्हाई," मी म्हणालो. आणि फोन ठेवून दिला. ज्या देवाला मी हात जोडतो, त्याच्याच दारातली सेवा मी तिला नाकारतोय, हे मनातही आलं नाही.

त्या सोमवारी मीच परळीला रांगेत उभा होतो. दर्शन होईपर्यंत पाणीही प्यायचं नाही, हा माझा दरवर्षीचा नेम. मधुमेहाची गोळी मात्र सवयीनं सकाळीच घेतली होती. रांग हलेना. अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, समोरच्या माणसाची पाठ धूसर दिसू लागली. देव परीक्षा घेतोय असं समजून मी नाम घेत तसाच उभा राहिलो आणि उभ्याचा खाली बसलो.

पांढऱ्या कोटातली एक मुलगी धावत आली. "काका, शुगरची गोळी घेता का? आज घेतली?" मी मान हलवली. बोटाला सुई टोचून तिनं साखर तपासली, ती पार खाली उतरली होती, आणि साखरपाण्याचा ग्लास तोंडाशी धरला.

"उपवास हाय माझा," मी पुटपुटलो.

"साखर उपवासाला चालती काका. वैजनाथ न्हाई रागवत, प्या गुमान!"

मागून कुणी तरी म्हणालं, "प्या की पाहुणं, पोरगी एवढी म्हणायली तर!"

मी प्यालो. हळूहळू डोळ्यांपुढचं निवळलं, तसं तिनं मला प्रथमोपचाराच्या मंडपात नेऊन बसवलं. तिथं ती एकटीच धावपळ करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दोघींचं काम हाय, पण अंबाजोगाईच्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला तिच्या वडलांनी येऊ दिलं न्हाई. लई रडली बिचारी. मागच्या सोमवारी माझे हात थरथरत होते काका; आज तुमचा घाम बघूनच वळखलं. पुस्तक वाचून हे हातात येत न्हाई." बोलता बोलता तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं. ते माझ्या मुलीचं होतं.

याला कोण काय म्हणेल ते म्हणो. मला एवढंच कळलं, की जिथं जाण्यापासून मी लेकीला अडवलं, तिथंच वैजनाथानं मला आणून बसवलं आणि वाचवलं. पाणी सोडणं मला कधीच जड गेलं नव्हतं. हट्ट सुटत नव्हता. तो त्याच्या पायरीवर ठेवला आणि दर्शन घेऊन निघालो.

परतताना अंबाजोगाईला उतरलो. वसतिगृहाच्या फाटकाशी लेक धावत आली. "आण्णा, तुमी इथं कावून?"

मी प्रसाद तिच्या हातावर ठेवला. "चुकलो माय, लई चुकलो. पुढच्या सोमवारी तू जा. तुझी मैत्रीण तिथं एकटी पडायली."