शेवटच्या ठोकळ्यातले चार काप

पंखा बंद, खिडक्या बंद, आणि दारावर पाटी: ‘आत काम चालू आहे. शिंक आली तर बाहेर.’

पाटी पापुद्रेकाकांच्या हातची. वनस्पतिशास्त्र विभागात एकतीस वर्षं ते काप काढत होते. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली एवढीशी कळी, आणि तिचे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके पातळ काप. काकांचं खरं आडनाव कार्यालयाच्या फायलीत पडून होतं.

“या खोलीत शिंकणाऱ्याची पीएचडी दोन वर्षं लांबते,” असं ते प्रत्येक नव्या पोराला बजावत.

“आणि खोकणाऱ्याची, काका?”

“त्याची होतच नाही!”

काप काढायच्या यंत्राचं चाक कुणीही फिरवावं. एक काप दुसऱ्याला चिकटत पात्यावरून मेणाची फीत उतरते. ती कुंचल्याच्या टोकावर उचलून काचपट्टीवरच्या पाण्यात अलगद सोडायची, हे खरं काम. साधा उच्छ्वास लागला तरी ती उडते. म्हणून काका श्वास रोखत. सवय इतकी मुरलेली की लेक म्हणायची, “बाबा, बातम्या बघताना तरी श्वास घ्या!”

गेलं सव्वा वर्ष मात्र उजवा हात थरथरत होता.

“बशीत चहा सांडलाय, बाबा.”

“बशीलाही तहान लागते गं.”

“विनोद पुरे. डॉक्टरांकडे कधी जायचं?”

“निवृत्त झालो की. आठच महिने राहिलेत.”

विभागात ते कोपर टेबलावर दाबून धरत, डाव्या हातानं उजवं मनगट पकडत. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दिवसांत विभागातली एक संशोधक मुलगी ठोकळा घेऊन आली. चार वर्षं ती रस्त्याकडेच्या एकाच झाडामागे होती. शिडीवर चढून स्वतः फुलांना पराग लावायचे, कागदी पिशव्या बांधायच्या, दिवस मोजून कोवळी फळं खुडायची. बीजात गर्भ धरला की पहिली पेशी दोन भागांत विभागते. एक लहान, एक मोठी. लहानीतून अख्खं रोप घडतं. मोठीतून नुसता देठ. तो गर्भाला पोसतो आणि वाळून जातो. या झाडात त्या दोन पेशींमधली भिंत उभी येते की आडवी, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. तिच्याकडे विभागणीआधीचे काप होते, नंतरचे होते. नेमका तेवढाच क्षण नव्हता. आणि गेल्या महिन्यात रस्ता रुंद करताना झाड तोडलं गेलं.

“शेवटचा ठोकळा आहे, काका. तुमच्याच हातचे काप हवेत.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ‘तुमच्याच हातचे’ हे ऐकून काकांनी उजवा हात खिशात घातला.

“ठेव तिथे,” ते म्हणाले. “उद्या दुपारी ये.”

सकाळी त्यांनी दार लावून घेतलं. चाळीस काप सुरेख उतरले. एक्केचाळिसाव्याला कुंचला थरथरला. फितीचा तुकडा तुटला, बाहीला चिकटला. काढायला गेले तर बोटांखाली मेणाचा चुरा. चार काप गेले.

तरीही उरलेली फीत त्यांनी काचपट्टीवर लावली. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चाळिसाव्या कापात गर्भाची पुसटशी कड दिसत होती. पंचेचाळिसाव्यात दुसरीकडची कड. मधलं सगळं बाहीवर.

रिकामी बीजं नेहमीच निघतात. ‘यात गर्भ धरलाच नव्हता’ एवढं म्हटलं की संपलं. एकतीस वर्षं काप काढणाऱ्या माणसाला कोण खोटं म्हणणार? त्या दोन कडांची काचपट्टी त्यांनी खिशात टाकली. पुन्हा काढली. पुन्हा टाकली.

दुपारी मुलगी दारात आली आणि त्यांचा चेहरा पाहून तिथेच थांबली. “रिकामं निघालं ना?” आवाजात मनाची तयारी होती. “मला वाटलंच होतं. असू दे, काका. नशीब.”

उत्तर तिनंच हातात आणून दिलं होतं.

काकांनी खिशातली काचपट्टी टेबलावर ठेवली. ठेवताना ती खडखड वाजली.

“रिकामं नव्हतं, बाळा. होता गर्भ. माझ्या हातून गेला.”

तिनं बघितलं. एक कड, मग दुसरी. बराच वेळ ती डोळा काढेना.

“हात कधीपासून असा?”

“सव्वा वर्ष.”

“मग मला का नाही...” तिचा आवाज चिरकला. “झाड राहिलं नाही हो, काका!”

“माहितीये.”

तिनं काचपट्टी रुमालात गुंडाळली आणि निघून गेली. दार उघडंच राहिलं.

काकांनी पातं पुसून डबीत ठेवलं. यंत्रावर कापड घातलं. मग भिंतीशी जाऊन पंख्याचं बटण दाबलं. टेबलावरचा मेणाचा चुरा उडून खोलीभर झाला.