घाटंजीच्या शिवारातला चट्टा

"आठवडाभर कुणाचीही कातडी बघणार नाही," असं नवऱ्याला ठणकावून मी सुट्टीवर निघाले. यवतमाळला एसटी बदलली, तर शेजारच्या आजोबांनी धोतर सरकवून पायावरचा नायटा पुढं केला! माझ्या कपाळावरच डॉक्टर लिहिलेलं असावं.

घाटंजीच्या पुढं माझ्या मैत्रिणीचं, मंदाचं शेत. पांढरंशुभ्र फुटलेलं. दुपारी कापूस वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसल्या, सगळ्यांच्या भाज्या मधोमध. सोल्यांच्या (तुरीच्या कोवळ्या दाण्यांच्या) भाजीनं माझे कान तापले, तरी मी तिसरी भाकर मागितली. एकच बाई लांब पळसाखाली एकटी जेवत होती.

"थे सुमन," टोळीच्या पुढारी कमलाबाई म्हणाल्या. "हातावर चट्टा हाये. महारोग हाये म्हणतात."

"माह्या हातचा कापूस चालते, अन् मी नाही चालत?" पळसाखालून आवाज आला.

संपली माझी सुट्टी! जाऊन पाहिलं. कोपराखाली फिकट चट्टा. नायट्याला उठावदार लाल कड असते, खाज असते. इथं दोन्ही नव्हतं.

"काय लावता?"

"बजारातली ट्यूब. खाज गेली, पण चट्टा पसरून राह्यला."

चोर सापडला. असल्या मलमातलं स्टेरॉइड खाज दाबतं, कड पुसतं. नायट्याची बुरशी खाली मजेत वाढते आणि भलत्याच रोगाचं सोंग घेते.

मला नाटकाची भारी हौस. बाया जमवल्या, बोंडातून कापसाची बारीक वात ओढली. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. "डोळे मिटा. वात टेकली की तिथं बोट ठेवा." दर वेळी बोट अचूक. मी मुद्दाम थांबले, तर सुमनबाई ओरडल्या, "लाव ना बाई, झोपली काय?"

कमलाबाई सोडून सगळ्या हसल्या. त्या म्हणाल्या, "पण मशीनीत कुठं पाह्यलं?"

बिनतोड मुद्दा. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीच्या लॅबमध्ये चट्ट्याची कड खरवडली. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे! सुमनबाईंनीही डोळा लावला. "अगंमाय! माह्या हातावर जंगल उगून राह्यलं!"

दुपारी शेतात मी जाहीर केलं, "नायटा आहे. ट्यूब बंद, औषध सुरू. टॉवेल वेगळा, पंगत वेगळी नाही. आणि महारोग असता, तरी तोही औषधानं बरा होतो. मी तेव्हाही यांच्याशेजारीच जेवले असते."

कमलाबाई सरकल्या. "ये वं सुमन, बस."

सुमनबाईंनी पळसाखालीच डबा उघडला. "माही जागा हेच. ज्याले माह्यापाशी जेवाचं, त्यानं इकडं यावं."

कुणी हलेना. मग कमलाबाईंनी पदर खोचला, डबा उचलला नि चालू लागल्या. मागोमाग सगळ्या.

परत आल्यावर लोक विचारतात, यवतमाळात बघण्यासारखं काय? मी म्हणते, एका बाईच्या हट्टापायी अख्खी पंगत उठून पळसाखाली जाते, ते बघा. मी तिथंच, तिच्या शेजारी, चौथी भाकर खाल्ली.