सांजेला उघडणारी गाडी

पवनारच्या कुंताबाईंना घाबरवणं सोपं काम नव्हतं. तळेगावच्या माहेरातून लग्न होऊन आल्या त्या थेट वांग्याच्या वाफ्यातच उभ्या राहिल्या, असं त्या स्वतः सांगत. वर्ध्याच्या बाजारात कुणी वांगं फार उलटंपालटं करून बघू लागला, की विचारत, "वांगं घेऊन राह्यला का बापा, का पोरगी पाहून राह्यला?" गिऱ्हाईक ओशाळून मुकाट्यानं पिशवी पुढे करी.

अशा बाईला नवरा, प्रभाकरराव, गेल्यापासून सांज जड जाऊ लागली.

गाडी नीरजनं, त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, घेऊन दिलेली. पांढरी, नव्या पद्धतीची. मोबाईल हीच तिची किल्ली. प्रभाकरराव खिशात मोबाईल घालून जवळ गेले, की पुढचे दिवे मंद उजळत, मिटलेले आरसे बैलानं कान टवकारावेत तसे बाहेर येत आणि 'खट्' करून कुलूप उघडे.

"पाह्य, मले वळखते," प्रभाकरराव म्हणत. "इतक्या वर्सात तू कधी एवढ्या लगबगीनं उठली का माह्यासाठी?"

"मंग तिलेच म्हणा भाकर थापाले," कुंताबाई आतून उत्तर देत.

थंडीच्या दिवसांत प्रभाकरराव शेतात पाणी देता देता बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. तेराव्याला घरच्या रीतीप्रमाणे त्यांच्या वापरातल्या वस्तू दान दिल्या. या घराण्यात ते दान भटजीला नाही, घरच्या जुन्या माणसाला देतात. तो मान डोमाजीचा. ऐन जवानीपासून तो प्रभाकररावांच्या बरोबरीनं शेतात राबला होता. खाट, छत्री, घोंगडी, आणि सिमकार्ड काढून घेऊन मोबाईलसुद्धा. नीरज म्हणाला, "बाबांच्या हातात सगळ्यात जास्त तोच असायचा." रीतीची दुसरी बाजू अशी, की दान घेणाऱ्यानं वर्षभर त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. डोमाजी सामान घेऊन गेला. शेताचं बघे, वांग्याचे पैसे शेजारच्या गोपालच्या हाती पाठवी, पण घराकडे आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी उघडू लागली.

कुंताबाई देवाजवळ दिवा लावत होत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून टिनाचं शेड, त्यात गाडी, पलीकडे गल्ली. खिडकीच्या फटीतून उजेडाची रेघ भिंतीवर चढली आणि 'खट्' झालं. त्यांच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. थोड्या वेळानं पुन्हा 'खट्', रेघ मावळली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. आला दिवस चुकत नव्हता.

त्यांनी खिडकी उघडून पाहिलं नाही. गेलेलं माणूस येतं तेव्हा त्याच्याकडे बघू नये, बघितलं की ते येणं सोडतं, हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं. त्या पदर डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. भीती वाटे, अंगावर काटा येई. पण रेघ लागायला उशीर झाला तर त्याहून जास्त भीती वाटे.

नीरज पुण्याला चल म्हणून मागे लागला होता. एकदा फोनवर त्यांनी सांगून टाकलं, "मी नाई येत. तुहे बाबा येतात सांजच्याले. मी नसली तर कोणाले पाह्यतीन ते?"

नीरजनं आधी गाडी तपासून घ्यायचं ठरवलं. मग त्यानं भावनाला पाठवलं.

भावना सेलूची. नागपूर रोडवरच्या एका वर्कशॉपात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम बघायची. भर दुपारी स्कूटीवरून आली, पाणी प्यायली आणि कामाला लागली.

"मावशी, बॅटरी उतरली की गाड्या असं वेड्यासारखं करतात," ती म्हणाली. पण गोपाल अधूनमधून गाडी फिरवून आणायचा, बॅटरी चांगली होती. कपाटातली जादा किल्ली तिनं पार घराबाहेर नेऊन पाहिली. दाराचे सेन्सर पुसले. कुंताबाई ओट्यावर बसून बघत होत्या. या पोरीला काही सापडू नये, असं त्यांना मनातून वाटत होतं.

"मावशी, तुमचा मोबाईल?"

"आतमंदी. माही किल्ली आपोआप नाई लागत. बटन दाबा लागते. नीरजनं तसंच करून देल्लं, घर गाडीले खेटून हाय म्हणून."

भावनानं गाडीच्या पडद्यावर किल्ल्यांची यादी उघडली. तीन नावं होती. नीरज. आई. बाबा.

"बाबांचा मोबाईल कुठं हाय?"

"दान देल्ला. डोमाजीले." कुंताबाईंचा आवाज चढला. "पण तो नाई येत इथं. वर्सभर उंबरा ओलांडत नसते तो."

भावना हळूच म्हणाली, "गाडीजवळ याले उंबरा कुठं लागते, मावशी?"

सांजेपर्यंत ती थांबली. कुंताबाईंनी दिवा लावला आणि सवयीनं भिंतीकडे वळल्या. भावनानं त्यांचा हात धरून त्यांना खिडकीशी आणलं आणि फट बोटभर मोठी केली.

गल्लीतून डोमाजी आला. शेतातून परस्पर आला असावा, पाय चिखलानं भरलेले होते. शेडच्या खांबाशी पोचला तसे दिवे उजळले, आरसे बाहेर आले. डोमाजीनं टोपी काढली.

"आलो भाऊ," तो गाडीला म्हणाला. "वरच्या वांग्याले पानी झालं. खालची पान्याची मोटर आज बी दगा देऊन गेली. तुम्ही म्हनत होते, बदल म्हनून, मीच आयकलं नाई." मग तो जरा थांबला, उत्तर ऐकल्यासारखा. "वहिनी बरी असंन. धुपाचा वास येऊन राह्यला. बरं, येतो. उद्या येतो."

तो टोपी घालून गल्लीतून दूर गेला. 'खट्' झालं, आरसे मिटले. मालकाची आठवण म्हणून चार्ज करून खिशात बाळगलेल्या मोबाईलचा आणि या सगळ्याचा काही संबंध असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला मालक ओळख देत होते.

कुंताबाई खाली बसल्या. इतके महिने त्या ज्याच्यासाठी पदर घेत होत्या तो आलाच नव्हता. प्रभाकरराव त्यांच्यापुरते त्या सांजेला पुन्हा एकदा गेले.

भावनानं नीरजला फोन लावून दिला. नीरजचं म्हणणं वावगं नव्हतं. "आई, डोमाजीकाकांवर माझा विश्वास आहे. पण उद्या तो मोबाईल कुठे हरवला तर कुणीही गाडी घेऊन जाईल. ती किल्ली काढून टाक. आणि आता तर कळलं ना, कोणी येत नाही? रविवारी तुला न्यायला येतो."

"ये," कुंताबाई म्हणाल्या.

'बाबा' हे नाव काढून टाकायचं का, असं गाडीनं पडद्यावर विचारलं, तेव्हा भावनानं तळहात मध्ये धरला, कुंताबाईंना ते दिसू नये म्हणून. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबलं.

"डोमाजीले सांगू का मी?" जाताना तिनं विचारलं.

"मी सांगतो," कुंताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पातळं घडी करून पिशवीत भरली. देव कुणाकडे ठेवायचे ते गोपालच्या आईशी बोलून घेतलं. सांजेला दिवा लावला आणि डोमाजीला सांगायचं म्हणून खिडकीशी उभ्या राहिल्या. मोबाईल हातातच होता, नीरजचा फोन येणार होता.

डोमाजी आला. खांबाशी थांबला. गाडी तशीच काळोखी.

तो एक पाऊल मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. मग टोपी काढून हातात धरली आणि नुसता उभा राहिला. "भाऊ?" म्हणाला. सांगायला म्हणून कुंताबाईंनी खिडकीला हात घातला. "मोटर बदलतो ना, भाऊ," तो म्हणाला. "उद्याच बदलतो. गुस्सा झाले का?"

म्हातारा खांबाला धरून उकिडवा बसला. त्याचं डोकं हळूहळू गुडघ्यांवर टेकू लागलं. असं बसलेलं माणूस कुंताबाईंनी याआधी एकदाच पाहिलं होतं, शेतात, बांधावर.

त्यांनी मोबाईल उजळवला आणि बटन दाबलं.

'खट्' झालं. दिवे लागले, आरसे कान टवकारून बाहेर आले. डोमाजीनं मान वर केली. त्या उजेडात त्याचा चेहरा कुंताबाईंना स्पष्ट दिसला आणि त्या खिडकीपासून चटकन बाजूला झाल्या, आपण दिसू नये म्हणून. भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून त्या ऐकत राहिल्या. पाण्याच्या मोटरचं, वांग्याचं, खालच्या वाफ्यात लागलेल्या अळीचं. तो बोलायचा थांबे तेव्हा त्याही थांबत, त्याला उत्तर मिळेपर्यंत.

तो गेल्यावर त्यांनी दुसरं बटन दाबून गाडी मिटवली.

नीरजचा फोन आला. "आई, तयारी झाली का?"

"नाई जमत रे."

"आता काय झालं? कळलं ना तुला सगळं?"

"कळलं ना," कुंताबाई म्हणाल्या. "पण सांजच्याले मले इथंच राहा लागते."