पहिल्या बोटीची तार

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. मेअखेरीला शेवटची बोट जायची, आणि नारळी पौर्णिमा होऊन दर्या निवळला, बंदरावरचा वादळाचा बावटा उतरला, की मग केव्हातरी पहिली बोट सुटायची. मधल्या तीन महिन्यांत आमच्या लालबागच्या चाळीला गाव नसे. तशी एस.टी. होती, पण कोल्हापूरमार्गे दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेत जाणं म्हणजे जाणंच नव्हे, असं आमच्याकडचं ठाम मत. त्यामुळे बोटी सुरू झाल्या म्हणजे चाळीतला जो कोणी पहिला निघे त्याच्या दारात गाठोड्यांची रांग लागे. कोणाची चहापूड, कोणाची साबणाची वडी, कोणाच्या बहिणीचं लुगडं. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी पहिल्या बोटीने निघणार होती माझी आई. ऐन पावसाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर ती परळच्या इस्पितळात पडून होती. तिथे तिने एक निश्चय केला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिने बाबांना सांगितलं, "बोटी सुरू झाल्यो काय मी जुव्यार जातलंय. भावाक बघूक." बाबा मिलमध्ये साचेवाले. रोज कापड विणणारा माणूस सहसा गोंधळत नाही, पण त्यांनी चहाची बशी तोंडाशी नेऊन तशीच खाली ठेवली. कारण आई आणि मामा गेली आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. मालवणच्या उत्तरेला एका खाडीत आईचं माहेर होतं. चहूबाजूंनी पाणी, मध्ये माड, आणि वीस-पंचवीस घरं. आठ वर्षांपूर्वी आईची आई तिथे गेली, तीही आषाढात. बोटी बंद. मामाने कार्ड टाकलं, ते आम्हाला मिळालं अकराव्या दिवशी. आईने कोणाकडून तरी लिहून घेऊन त्याला जाब विचारला: तार का केली नाहीस? तार मिळाली असती तर मी रांगत का होईना आले असते. मामाचं उत्तर आलं ते आणखी कडू. तार करायला मालवणला जावं लागतं, खाडीला पूर होता. आणि बोटी बंद असल्या तरी रस्ता बंद नव्हता. महिनाभर आवस, म्हणजे आपली आई, अंथरुणाला होती तेव्हा तुला यायला काय झालं होतं? त्यानंतर दोन्हीकडून एक ओळ नाही. मालवणी माणसाचा राग पेजेवर जगतो, त्याला फार खायला लागत नाही.

आता ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आलेल्या आईला हा राग पुरेसा झाला होता. मामाला तसा झाला होता की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. आईला भीती एवढीच होती, की आपण बंदरावर उतरू आणि न्यायला कोणी आलेलं नसेल. माहेरवाशिणीला माहेरचं माणूस न्यायला येतं. ते आलं नाही, की तिने काय समजायचं ते समजावं.

सोबत मी जाणार होते. मी गिरगावात एका शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल माझं मत फार चांगलं होतं. मामाला कळवायचं कसं हा प्रश्न आला तेव्हा बाबा म्हणाले, "कागद घाल. चार दिवसांनी का होईना, पोचेल." बोटीला तर दोनच दिवस होते. आणि मला वाटलं, भांडण झालं तेच मुळी तारेवरून. मग आपण तारच करावी. मानही राखला जाईल आणि टोमणाही बसेल. आईने कपाळाला आठ्या घातल्या, पण शिकलेल्या मुलीपुढे ती बोलली नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. शाळा सुटल्यावर मी सभांना जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. राज्यकारभार मराठीतूनच झाला पाहिजे, यावर शिक्षिकांच्या खोलीत मी एका वयस्क बाईंना रडवलंही होतं. तीच मी त्या दुपारी तारघरात गेले. बाहेरून मोर्चा येत होता, कारकुनाला खिडकी बंद करायची घाई झाली होती. मी ऐटीत इंग्रजीत मजकूर लिहिला, आई पहिल्या बोटीने येते आहे, आणि बाहेर येऊन मोर्च्यात सामील झाले. जुव्यावर इंग्रजी कोण वाचणार, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली. बाबा पोचवायला आले होते. गाठोडी मोजून झाल्यावर त्यांनी आईला फक्त "जपून" म्हटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आईला मीच पळवून नेत होते. आम्ही खालच्या वर्गाच्या डेकवर सतरंजी पसरली. बोट बंदराबाहेर पडली तशा बायांनी नारळ काढले, हळदकुंकू लावून पाण्यात सोडले. वादळाचे दिवस सरले असले तरी पाण्याला अजून ते पटलेलं नव्हतं. काही वेळातच डेकवरची अर्धी माणसं लिंबू हुंगत आडवी झाली. त्यात मी पहिली. ज्या आईला सांभाळायला मी आले होते ती पोटावर टाके घेऊन ताठ बसली होती आणि माझं डोकं मांडीवर घेऊन शेजारणीशी गप्पा मारत होती.

एकेक बंदर येई. बोट लांब समुद्रातच उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, माणसं दोरीला धरून त्यात उड्या टाकत. प्रत्येक बंदरावर आई कठड्याशी जाऊन उभी राही आणि कोणाला न्यायला कोण आलं ते बघे. रत्नागिरीला एका म्हाताऱ्याने पडावातूनच आपल्या मुलीला हाक मारली, तेव्हा आई इतका वेळ बघत राहिली की मला तिचा राग आला. मला तिची कीव येत होती आणि ती कशी दाखवावी ते मला कळत नव्हतं, म्हणून राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवण. पडावातून किनाऱ्याला लागलो. बंदरावर ही गर्दी. आईने पदर नीट केला, कुंकू पुसलं गेलं होतं ते पुन्हा लावलं, आणि गाठोड्यांजवळ उभी राहिली. हळूहळू गर्दी पांगली. हमाल पांगले. आमची गाठोडी घेऊन आम्ही दोघीच उरलो.

"इलो नाय," आई म्हणाली.

मी म्हणाले, तार मिळाली नसेल. ती म्हणाली, "तारेक पाय आसतत. मनाक नसतत." आणि तिने स्वतःच बैलगाडी ठरवली. मला वाटलं होतं ती परत फिरू म्हणेल. पण इतकं लांब आलो तर निदान लोकांची गाठोडी पोचवू, असं ती म्हणाली. तो बहाणा होता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

खाडीच्या काठावर तर होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. तरीवरचा गडी नवा होता, आईला ओळखत नव्हता. कोणाकडे जायचं, त्याने विचारलं. आईने मामाच्या घराचं नाव सांगितलं. त्याने वल्हं थांबवलं.

"थंय कित्याक जातास? थंय सुतक आसा."

आईचा हात माझ्या मनगटावर आला. "कोण गेला?"

"तेंची भैण. मुंबयक होती. इस्पितळात होती म्हणान नारळी पुनवेक कोणीतरी सांगल्यान होता. परवा तार इली."

मला सगळं एका क्षणात समजलं, आणि खाडीत उडी टाकावी असं वाटलं. आमच्याकडे तार येते ती एकाच कारणासाठी. कापडगिरणीत जन्म गेलेल्या माझ्या बापाला हे ठाऊक होतं, माझ्या निरक्षर आईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. तोंडाने महाराष्ट्र मागत होते, आणि मराठी घरात तारेचा अर्थ काय होतो एवढंही मला माहीत नव्हतं. आईकडे बघायचं मला धाडस होईना. ती आता मला थोबाडीत मारणार, अशी माझी खात्री होती.

आई पुढे वाकली आणि त्या गड्याला तिने हलक्या आवाजात विचारलं, "भाव रडलो काय रे?"

"रडलो?" गडी म्हणाला. "दोन दिस पेजेक हात लावलो नाय. उद्याच्या बोटीन मुंबयक जावक गाठोडा बांधल्यान हा."

आई मागे टेकून बसली. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी तेव्हा वेदना समजले होते. आता वाटतं, ती खूश होती.

मामा अंगणात पाटावर बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर पंचा. आम्हाला आधी मामीने पाहिलं. तिच्या हातातली कळशी पडली आणि ती किंचाळत आत पळाली. मामा उठला. त्याने आईच्या पायांकडे बघितलं, मग सावलीकडे, मग तोंडाकडे. माझ्या मामाला मी फार कमी वेळा पाहिलं होतं. तो एवढा म्हातारा झाला असेल असं मला वाटलं नव्हतं.

आईने त्याला काही बोलू दिलं नाही. "मी मेलंय म्हणान रडलंस," ती म्हणाली. "जित्ती आसताना एक कागद घालूक काय झाला होता?"

मामाने पंच्याने तोंड पुसलं. तो म्हणाला, "जित्या माणसाचो राग येता गे. मेल्ल्यावर खंयचो धरतलंय?"

तार घरात नेलेली नव्हती. अशुभ कागद उंबऱ्याच्या आत नेत नाहीत म्हणून ती बाहेर वळचणीला खोचून ठेवली होती, पाकीट न फोडता. मी विचारलं, कोणाकडून वाचून का नाही घेतली? दाराआडून मामी म्हणाली, "तार काय वाचूची आसता?" मामाने ती काढून माझ्यापुढे धरली. "तू मास्तरीण ना गे? वाच." सगळं घर, आणि एव्हाना जमलेला अर्धा जुवा ऐकत होता. मी पाकीट फोडलं आणि माझ्याच इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, की आई पहिल्या बोटीने येते आहे. इतकं छोटं वाक्य वाचताना इतकी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

मामाने तार माझ्या हातातून परत घेतली. "तर मगे माका न्हेवक येवक व्हया होता," तो म्हणाला.

"आता इलंय मा मी."

"तशी नाय. चल."

त्याने सदरा चढवला आणि आईला हाताला धरून परत खाली पाण्याकडे नेलं. मी मागोमाग. त्याने स्वतःची होडी सोडली, आम्हाला दोघींना बसवलं आणि पलीकडे नेलं, जिथून आम्ही नुकत्याच आलो होतो. तिथे त्याने आईला काठावर उतरवलं, आणि मग हात पुढे करून, "ये," म्हणून पुन्हा होडीत घेतलं. तरीवरचा गडी आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत होता. आई पोटावर हात धरून हसत होती. टाके दुखत होते.

खाडीच्या मध्यावर तिचं हसू थांबलं. ओहोटी लागली होती, मामा जोर लावून वल्हवत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. आईने त्या पाठीला विचारलं, "आवशीन जाताना माझा नाव घेतल्यान काय रे?"

वल्हं पाण्यातून वर आलं आणि तसंच राहिलं. होडी थोडी तिरकी झाली.

"तुझाच घेतल्यान," मामा म्हणाला. "म्हयनोभर मी उशाक बसान होतंय. माझा एकदाय घेवक नाय. तेचोच राग इल्लो माका."

आई सरकत सरकत पुढच्या फळीवर गेली आणि मामाच्या पाठीवर हात ठेवून बसली. होडी ओहोटीबरोबर बरीच खाली वाहत गेली, आणि मामाने बराच वेळ वल्हं पाण्यात घातलं नाही.