विहिरीचा पाला आणि तांबेरा

अवसरीला लग्न होऊन आले तेव्हा मला सगळ्यात आधी काय खुपलं असेल तर ते आभाळ. बाई गं, केवढं मोठं! माझं माहेर वरच्या डोंगरातलं, भीमाशंकरच्या अंगाचं, भाताच्या खाचरांचं. तिथं दोन डोंगरांच्या मधनं दिसेल तेवढंच आभाळ आपलं. इथं चहूकडं उघडं रान, आणि ऊन दाराशी येऊन बसायचं ते उठायचं नावच घ्यायचं नाही. दुपारी सगळं घर निजलं की मी मोरीच्या उंबऱ्यावर ओल्या फरशीत पाय सोडून बसायचे. डोळे मिटले की हिरवा अंधार दिसायचा. तो आमच्या विहिरीतला अंधार होता.

माहेरी परड्यात विहीर होती, उतरायला पायऱ्या असलेली. दगडांच्या सांध्यासांध्यातून पाला लोंबायचा. पुस्तकात त्याला नेचा म्हणतात, नर्सरीवाले फर्न म्हणतात, आम्ही आपलं विहिरीचा पाला म्हणायचो. पोहरा वर येताना पाणी सांडलं की सगळा पाला हलायचा आणि खालच्या पाण्यात त्याची सावली हलायची. आत नक्की काय हलतंय ते कळायचंच नाही. मी तासन् तास बघत बसायचे आणि हाका ऐकू यायच्या नाहीत. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असायच्या. पान दंडावर दाबलं की ठिपके उमटायचे, तेच आम्हा पोरींचं गोंदण. आई ओरडायची, "बी हाय ते त्याचं, उगा नासू नगा गं!"

धरणाचं पाणी चढणार, चढणार, असं आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की ते खरंच चढेल असं वाटेनासं झालं होतं. एका वर्षी चढलं. त्याच्या आधी मी घर आवरायला गेले होते. वासे, कौलं, जातं, सगळं ट्रकमध्ये गेलं. आई मात्र कोयता घेऊन विहिरीत उतरली. खालच्या पायरीवर बसून तिनं सांध्यातला एक गड्डा कोयत्याच्या टोकानं अलगद सोडवला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"तुला न्हाई का ठेवायचा?" मी विचारलं.

"आमाला नवी जागा दिलीया कालव्याच्या कडंला. तिथं सावलीला झुडूप न्हाई. माझ्याकडं मरंल त्यो. तुझ्याकडं जगंल."

मग विहीर गेली. घर, खाचरं, परडं, सगळं पाण्याखाली गेलं. तिथलं जिवंत असं एवढंच उरलं आणि ते जगवायचं माझ्या गळ्यात आलं. तो मेला तर आईला काय तोंड दाखवू, हीच एक धास्ती.

आणि तो काही सुखानं जगेना. ओसरीवर ठेवला तर वाऱ्यानं पानांच्या कडा करपल्या. आमच्या काळ्या मातीत लावला तर पाणी धरून मुळं कुजायला लागली. बोअरचं पाणी घातलं तर मातीवर पांढरा खार फुटला. रोज नवीन रुसवा! मी पण हट्टाला पेटले. काळी माती काढून टाकली. आंब्याचा कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, विटेचे खडे, थोडा कोळसा, असं मिसळून तेलाच्या कापलेल्या डब्यात भरलं. गड्डा मातीत पुरला नाही, विहिरीत होता तसा वरच बसवला. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी पिंपात धरलं आणि ते त्याच्यासाठी राखून ठेवलं. मोरीची खिडकी उत्तरेची. उजेड भरपूर, ऊन नाही, आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीची ओल. तिथं मात्र तो रमला.

पुढं पुढं मंचरच्या ओळखीच्या बायका नर्सरीतून फर्न आणायच्या आणि मला विचारायच्या. मी म्हणायचे, घेताना पानांना भुलू नका, मधे वाकून बघा. गोगलगायीसारखा गुंडाळलेला कोंब दिसला तरच घ्या. काळ्या दांडीचा हंसराज दिसायला देखणा, पण एक दिवस तहानला की संपला, तेव्हा नव्यानं लावणारीनं त्याच्या नादी लागू नये. आणि टीव्हीवर शोभेला ठेवणार असाल तर प्लास्टिकचा घ्या, त्या बिचाऱ्याचा जीव कशाला घेता? बायका हसायच्या. मी मात्र खरंच सांगत असायचे.

आता मामंजींचं सांगते. माझे सासरे म्हणजे गव्हातला आणि घेवड्यातला माणूस. कुठल्याही पानाची पाठ उलटून बघितल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. लग्नाच्या मांडवातलं आंब्याचं डहाळंसुद्धा त्यांनी उलटून बघितलेलं मी पाहिलंय. एका उन्हाळ्यात आंघोळीला गेले असताना त्यांनी माझ्या पाल्याचं पान उलटलं. पाठीवर ओळीनं तपकिरी ठिपके. बोट फिरवलं तर बोटाला तांबूस भुकटी. झालं! गव्हावर पडणारा तांबेरा रोग असाच दिसतो, असाच बोटाला लागतो. सून कष्टी होईल म्हणून ते कुणाला काही बोलले नाहीत. मी मंचरला बाजाराला गेलेली बघून त्यांनी पाठीवर फवारणीचा पंप घेतला.

मी परत आले तर घरभर औषधाचा वास. मामंजी ओसरीवर हसतमुख.

"सूनबाई, घाबरू नगं. येळंवर बघितलं म्या. तांबेरा पडला व्हता तुझ्या झाडावर, लई जोरात. मारलं औषध दणकून!"

"अहो मामंजी, बी व्हतं ते त्याचं!"

मी ओरडले. सासऱ्यावर, भर ओसरीत. त्यांचा चेहरा कसानुसा झाला. पुढच्या काही दिवसांत पानं काळी पडली, मग वाळून गळाली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायचे, भाजी वाढायचे, शब्द नाही. धरणाच्या तावडीतून सुटलेलं हे एवढंसं, ते ह्या माणसानं पंपानं मारलं, असंच वाटायचं. राग इतका होता की त्यांचा खोकला ऐकला तरी यायचा.

तरी हात स्वस्थ बसवेनात. मी सगळी पानं कापली, गड्डा पावसाच्या पाण्यानं धुतला, मिश्रण बदललं. मामंजी रोज सकाळी मोरीच्या खिडकीला ओलं गोणपाट बांधायचे. मी नुसती बघायचे. दुपारी उंबऱ्यावर बसलं की डोळे मिटूनही हिरवं काही दिसेना. नुसता काळा गड्डा. आईचा फोन शेजारी यायचा. "पाला कसा हाय?" ती विचारायची आणि मी पावसाचं काहीतरी बोलायला लागायचे.

आषाढ ओसरला आणि एका सकाळी मोरीतून आरोळी आली. "आगं ये सूनबाई, पळ! मुंडकं काढलंय बघ!"

मी पळत गेले. मामंजी टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच, डब्यापुढं उकिडवे बसलेले. काळ्या गड्ड्यातून एक केसाळ कोंब वर आला होता, अजून गुंडाळलेला. त्यांचा अवतार बघून मला हसू फुटलं, ते आवरेचना. "आधी आंघोळ उरका, मग बघा," मी म्हणाले. तेही हसले आणि डोळे पुसायला लागले. साबण गेला म्हणाले डोळ्यात.

पुढच्या वर्षी आई आली. हातपाय धुवायला म्हणून मोरीत गेली ती बाहेरच येईना. बघते तर उंबऱ्यावर माझ्याच जागी बसलेली, एका पानाच्या पाठीवरून बोट फिरवत. होती तेवढे दिवस रोज दुपारी ती तिथंच बसायची. मी शेजारी बसायचे. नळ ठिबकत असायचा आणि मला मधेच वाटायचं, आपण दोघी विहिरीच्या खालच्या पायरीवरच आहोत, आता वरून पोहरा येईल.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, "मला बी दे की गं थोडा. मोरीला छप्पर घातलंय आता."

मी डब्याकडं बघितलं. नुकता कुठं सावरला होता, चिरला तर दोन्ही मरायचे. पण तिलाच नाही म्हणू? मामंजींनी खुरपं आणून दिलं आणि हात पाठीमागं लपवले. "विहीणबाई, म्या न्हाई बाबा हात लावायचा. माझ्या हाताची त्याला धास्ती हाय."

मी जीव मुठीत धरून गड्डा चिरला. एक भाग मोठा निघाला, कोंबांनी भरलेला. दुसरा लहान, दोन पानांचा. मोठा मी तिच्यापुढं सरकवला. "हा ने. तुझाच हाय."

तिनं लहान उचलला. मी तिच्या हातातून ओढायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं.

"मोठा तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, बाय. माझा जगला तर जगला. मेला तर मागाय कुठं जाऊ मी? विहीर न्हाई आता. तुझं दार तेवढं हाय."

मागायला. माझी आई, माझ्या दारात. माझे हात मातीनं भरलेले होते. मी तशीच तिच्या गळ्यात पडले आणि हमसून रडले.